इंग्रीबाईचं गप्प बसणं

२००९ साली मी छप्पन वर्षांचा होतो, आणि तोवर मला घड्याळ दाखवून स्वयंपाक करायला सांगणारं माणूस भेटलं नव्हतं. लग्न असो, तेरवी असो, पुढाऱ्याची पंगत असो, वरण शिजलं की शिजलं. लोक थांबत. आचाऱ्यासाठी थांबावंच लागतं. शाळा माझी चौथीपर्यंत. पण झरीपासून वणीपर्यंत सुखदेव आचाऱ्याच्या आलूवांग्याला नाव ठेवणारा कोणी असेल, तर त्याला माझ्यापुढं आणून उभा करा.

त्या वर्षी आमच्या गावाबाहेर, जंगलाच्या कडेला, एका जुन्या मिशनच्या पडक्या आवारात नॉर्वे देशाचं एक कुटुंब राहायला आलं. नवरा एरिक. हा कमी बोलायचा आणि दिसेल तो बिघडलेला हातपंप दुरुस्त करत सुटायचा. पोरगी सोल्वी, तेव्हा चार वर्षांची. आणि बायको इंग्रिड. आमच्या लोकांनी तिचं नाव इंग्रीबाई करून टाकलं. उंच इतकी की कोणतंही लुगडं तिला घोट्याच्या वरच राहायचं. पायात पुरुषी चपला. चालली की मागं धूळ उडायची.

दर दिवाळीच्या सुट्टीत तिथं मुलांचं शिबीर भरवायचं त्यांनी ठरवलं. आसपासच्या पोडांवरची मुलं यायची. कोलाम लोकांच्या वस्तीला आमच्याकडं पोड म्हणतात. शिवाय वणीकडच्या ख्रिस्ती घरांतली काही मुलं. चार दिवस मुक्काम, खेळ, गाणी, बायबलातल्या गोष्टी. त्यासाठी आचारी पाहिजे होता म्हणून बाई माझ्या अंगणात आली. मी खाटेवरून उठलो नाही.

"मी बौद्ध आहो," मी आधीच सांगून टाकलं. "छप्पन साली माह्या बापानं धर्म बदलला. आमच्या घरचं बदलून झालं. पुन्हा पुन्हा होत नसते ते."

"मले आचारी पाहिजे," बाई म्हणाली. मराठी पुस्तकातून शिकलेली, पण 'मले' बरोबर म्हणाली. "तुमचा धर्म तुमच्याजवळ ठेवा. जेवण साडेबाराले पाहिजे."

तिथंच आमचं वाजलं.

पहिल्या शिबिराच्या पहिल्या दिवशी साडेबाराला तिनं घंटा वाजवली. घंटा म्हणजे तिच्या बापाच्या गोठ्यातली, गाईच्या गळ्यातली. समुद्र ओलांडून आणलेली. पोट्टे ताटं घेऊन रांगेत उभे, आणि माझं वरण अजून उकळतंय. बाई मला एक शब्द बोलली नाही. तिनं पोरांना गाणं म्हणायला लावलं. एक झालं, दुसरं झालं, पाचवं झालं. मी घामानं भिजलो. चाळीस वर्षांत माझ्या स्वयंपाकासाठी कोणी असं गात थांबलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बारालाच सगळं उतरवून ठेवलं आणि हाताची घडी घालून उभा राहिलो. बाईनं आत डोकावून पाहिलं आणि घंटा साडेबारालाच वाजवली. भात गार.

तिसऱ्या दिवशी ती घंटा घेऊन माझ्याकडं आली.

"जेवणाची तुम्ही वाजवा. बाकीची मी."

मी घंटा घेतली. आणि सांगायला हरकत नाही, त्यानंतर साडेबारा माझे कधी चुकले नाहीत.

तिच्या काही गोष्टी ठरलेल्या होत्या. बाहेरचा पाहुणा प्रचारक आला आणि जेवणाआधी लांब प्रवचन करायला लागला की ती मागून मोठ्यानं म्हणायची, "आधी जेवण, मग येशू." स्वतः मात्र सगळ्यांच्या शेवटी जेवायची, खरकटी ताटं घासून झाल्यावर. आणि घर आठवून रडणारं पोट्टं दिसलं की त्याला समजावत बसायची नाही. हात धरून माझ्याकडं आणायची. "काका, याले कांदे द्या." पोट्टं माझ्याजवळ बसून कांदे सोलायचं, मनसोक्त रडायचं, आणि त्याला कोणी काहूनबिहून विचारायचं नाही. एवढ्या वर्षांत कांदे सोलायला मला माणूस लावावा लागला नाही.

एकदा मी तिला विचारलं, "बाई, तुम्ही माह्यासाठी प्रार्थना करता का?"

"रोज."

"कायले? मी येशूकडं येत नसतो, सांगून ठेवतो."

"तुमच्या गुडघ्यासाठी करते. चढावरून उतरताना तुम्ही लय वाकडे चालता."

मी झारा आपटला आणि भाजी हलवत बसलो.

एका शिबिरात, जेवणाला तास-दीड तास असताना, ती माझ्या स्वयंपाकघराच्या मागं कुडाला टेकून बसलेली दिसली. हातात फोन. मी पाणी आणायला गेलो होतो. फोनमध्ये एक चर्च दिसत होतं आणि फुलांनी झाकलेली पेटी. तिची आई. तिकडं आदल्या दिवशी पुरलं होतं, त्याचं चित्रण ही इकडं माझ्या चुलीमागं बघत होती. रेंज तेवढ्याच जागी यायची. मी तसाच मागं फिरलो. थोड्या वेळानं ती आत आली, पाटावर बसली, विळी ओढून घेतली आणि कांदे चिरायला लागली. कांदे सगळे चिरून झाले होते. ती पोत्यातले आणखी काढत गेली. साडेबाराला मी घंटा वाजवली. ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि पोरांना वाढायला गेली. त्या दिवशी भाजीत कांदा दुप्पट होता.

त्या रात्री मी तिच्या घरी भाकर आणि पिठलं पोचवलं. एरिकला म्हटलं, "आमच्यात मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजाऱ्यानं आणायचं असते." त्यानं डबा घेतला आणि उंबऱ्यात उभा राहून खूप वेळ माझा हात सोडला नाही.

लोकांना वाटायचं, गोरे लोक आहेत, मजेत असतील. टिनाच्या छपराखाली मे महिना काढून बघावा. सोल्वी दहा वर्षांची झाली तेव्हा तिला दक्षिणेत डोंगरावरच्या वसतिगृहाच्या शाळेत घातलं. त्यांच्यात बहुतेक सगळे घालतात. तिला पोचवायला जाताना बाई डोळ्यांतून टिपूस काढायची नाही. माझ्याकडून चिवड्याचा डबा करून न्यायची. सोल्वी मला आजोबा म्हणायची, आणि तिचं वऱ्हाडी माझ्या नातवांपेक्षा पक्कं होतं. एकदा सुट्टीत आलेली असताना, माझ्याजवळ बसून शेंगा फोडत ती म्हणाली, "आजोबा, माह्या आईले साऱ्या जगाचे पोट्टे पाहिजेत. मले सोडून."

मला राहवलं नाही. मी बाईला सांगितलं. भांडायच्याच तयारीनं सांगितलं.

बाई बराच वेळ पातेल्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. "खरं बोलते ती," एवढंच म्हणाली. त्या वर्षी सोल्वी परत गेली नाही. इथंच घरी शिकली. त्यात तिचं भलं झालं की नाही, मला सांगता यायचं नाही. पण आवारातला त्या दोघींच्या भांडणाचा आवाज मला आवडायचा.

करोनानंतरच्या दुसऱ्या वर्षी त्यांचे राहायचे कागद पुढं वाढून आले नाहीत. सोल्वी तोवर शिकायला नॉर्वेला गेली होती. बाई माझ्याकडं आली. या वेळी मी खाटेवरून उठलो. तिनं सगळं उभ्याउभ्याच सांगितलं.

"हे शेवटचं शिबीर, काका. पुढचं सुनंदा पाहीन."

सुनंदा टेकाम पोडावरची पोरगी. लहानपणी याच शिबिरात यायची. आता बालवाडीवर शिकवायची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. हुशार, पण बोलताना खाली बघणारी.

"सुनंदा?" मी म्हटलं. "माह्या नातीएवढी हाये ते. तिचं ऐकून मी काम करत नसतो. तुम्ही गेल्या की मी बी झारा ठेवला."

"ठेवा. पण हे शिबीर करा. या वर्षी मी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसणार. चारही दिवस. कोणी मले विचारायचं नाही, मी काही सांगायची नाही. मी गेल्यावर हे चालन का बंद पडन, ते मले जायच्या आधी पाहायचं हाये."

"तुम्ही?" मला हसू आलं. "पहिल्याच दिवशी तीनदा उठान."

"पाहू," ती म्हणाली.

आणि बसली. आता हे गप्प बसणं काय होतं ते मी सांगतो. जी बाई पोट्ट्याच्या चपलेचा बंद सुटलेला वीस हातांवरून ओळखायची, ती खुर्चीचे दोन्ही हात पकडून बसली. सुनंदानं सकाळच्या खेळाला उशीर केला. बाई गप्प. पोरांच्या तुकड्या पाडताना गोंधळ झाला, सगळ्या मोठ्या पोरी एकीकडं आल्या. बाईचं तोंड लाल, पण गप्प. एरिक जाता जाता तिच्या मांडीवर लोकर आणि सुया ठेवून गेला. ती पायमोजा विणायला लागली. इकडं चूक झाली की तिकडं सुया जोरात चालायच्या. तिसऱ्या दिवसापर्यंत मोजा गुडघ्याच्या वर गेला. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि म्हटलं, "कोणासाठी हाये हा मोजा? उंटासाठी?" ती हसली नाही. पाणी प्यायली आणि पुन्हा विणायला लागली.

शेवटच्या दिवशी आईबापांचं जेवण असायचं. बाईच्या काळात नियम पक्का होता. एका पोरामागं आई आणि बाप, आणखी कोणी नाही. सुनंदानं मला काही वेगळं सांगितलं नव्हतं. मी त्याच अंदाजानं वरण, भात, आलूवांगं आणि बुंदी केली. बाराच्या सुमाराला फाटकातून एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत माणसं खच्चून भरलेली. म्हातारे, बाळंतिणी, कडेवरची पोरं. त्याच्या मागं दुसरा. त्यांच्या मागं पायी येणारी रांग.

"सुनंदा!" मी ओरडलो. "हे लोक कोणाचे?"

"आपलेच, काका. जेवाले आले."

"आवतन कसं देल्लं वं तू?"

"चूलबंद," ती सहज म्हणाली.

चूलबंद आवतन म्हणजे असं जेवणाचं बोलावणं, की त्या घरची चूल त्या दिवशी पेटायचीच नाही. म्हातारं-कोतारं, घरी आलेला पाहुणा, सगळ्यांनी यायचं. आणि तिनं हे दोन्ही पोडांना दिलेलं.

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"आमच्या पोडावर आचाऱ्याले सांगा लागत नाही, काका. आचारीच नसते. सारेच रांधतात..." बोलता बोलता तिच्या लक्षात आलं. माझ्या गंजांकडं, चुलीवरच्या मोठ्या पातेल्यांकडं, तिनं पाहिलं, फाटकाकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "माय वं."

माझ्या हाताखालून एकही पंगत उपाशी उठलेली नाही. ती वेळ आता आली, आणि तीही एका पोरीच्या पायी, असं माझ्या मनात आलं. सुनंदा सरळ खुर्चीकडं चालत गेली. मीही मागं गेलो. सगळं आवार तिकडं बघत होतं.

"बाई, काय करू?" सुनंदानं विचारलं. "सांगा नं. मी चुकली."

बाईच्या सुया थांबल्या. तिच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. तिच्या डोक्यात सगळं तयार होतं, मी तिला इतकी वर्षं ओळखतो. कोणाला कुठं बसवायचं, कोणती गाडी कुठं पाठवायची. एक शब्द काढला असता तर पंधरा मिनिटांत सगळं रांगेला लागलं असतं.

ती बोलली नाही.

"बोला नं बाई!" मी ओरडलो. "लोक उपाशी जाऊन राह्यले अन् तुम्ही कायचे मोजे विणून राह्यल्या?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे भरलेले. "आज मी बोलली, काका, तर उद्या हिचं कोण ऐकन?"

मोजा खुर्चीवर ठेवून ती उठली. सुनंदाच्या अंगावरून पुढं गेली, आणि माझ्या स्वयंपाकघरात जाऊन परातीसमोर मांडी घालून बसली. तिनं नुसत्या बाह्या वर केल्या आणि काम कोण सांगतं याची वाट बघत बसली.

सुनंदा तिथंच उभी राहिली. मला वाटलं, ही आता रडत घरी जाईल. तिनं ओढणीनं तोंड पुसलं. मग ट्रॉलीच्या फाळक्यावर चढली आणि आधी कोलामीत काहीतरी बोलली. मला ते कळलं नाही. नंतर सगळ्यांसाठी मराठीत बोलली.

"आयाबायांनो, चूक माही झाली. आवतन चुलीले देल्लं अन् काकाले सांगितलंच नाही. आधी पोट्टे जेवतीन, मंग म्हातारे. बाकीच्याइनं हात लावा. पीठ आणा, सरपण आणा. उपाशी कोणी जात नाही."

कोणी हसलं, कोणी टोमणा मारला. "बालवाडीच्या बाईले मोजता येत नाही वाट्टे!" पण ट्रॅक्टर फिरला. तासाभरात ज्वारीचं पीठ आलं, आंबाडीची भाजी आली, मिरच्या आल्या. आवारात तीन दगडांच्या चुली मांडल्या गेल्या. बायका भाकरी थापायला बसल्या. सुनंदाची आई माझ्या स्वयंपाकघरात शिरली, इंग्रीबाईसमोर बसली, आणि तिच्या हातातल्या गोळ्यावर चापट मारून म्हणाली, "असं नाही वं! हात फिरव, हात!" इतक्या वर्षांत बाईला भाकर आली नव्हती. नकाशासारखी व्हायची. सगळ्या बायका खिदळत होत्या. बाई खाली मान घालून थापत होती, जे सांगतील ते करत होती.

मला भाजी वाढवायची होती. मी आलूवांग्यात कधी वरून पाणी घातलेलं नाही. झारा हातात घेऊन उभा राहिलो, आणि मग सुनंदाला हाक मारली.

"भाजीत पाणी टाकू का?"

ती थांबली. मी तिला विचारतोय हे तिला पटायला जरा वेळ लागला असावा. "टाका," ती म्हणाली. "पण तिखट वाढवा. माह्या लोकाइले पातळ चालते, अळणी चालत नाही."

शेवटची पंगत उठली तेव्हा उन्हं सागाच्या शेंड्यांवर गेली होती. घंटा कुठं पडली होती कोणाला माहीत नव्हतं. कोणी उपाशी गेलं नाही. ताटं घासून झाल्यावर बाई जेवायला बसली, आपल्याच हातची एक नकाशाची भाकर घेऊन. पहिला घास खाल्ला आणि चार दिवसांत पहिल्यांदा चूक काढली.

"काका, भाजी पातळ झाली."

"माह्यावर बोलू नका," मी म्हटलं. "ज्यानं सांगितलं त्याले सांगा."

तिनं सुनंदाकडं पाहिलं, सुनंदानं तिच्याकडं. आणि बाई हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. एरिक पाण्याचा तांब्या घेऊन नुसता उभा होता.

पंधरा दिवसांनी ते गेले. गाडीत फारसं सामान नव्हतं. बाई माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी तिला धरून उभं केलं. आमच्यात पाया पडत नाहीत, जयभीम करतात. तिनं हात जोडून जयभीम केला. मी तिला तिच्याच पद्धतीनं 'देव तुमचं भलं करो' म्हटलं. मला ते म्हणता येतं, त्यात माझं काही जात नाही.

आवारातून गाडी काढली की दर वेळी ती खाली उतरून स्वतः फाटक लावायची, गुरं शिरू नयेत म्हणून. त्या दिवशीही गाडी बाहेर पडली, थांबली, ती उतरली. फाटकाच्या लोखंडी दांड्याला तिनं हात घातला. आत सुनंदा उभी होती. बाईचा हात दांड्यावर तसाच राहिला. मग तिनं तो काढून घेतला, लुगड्याला पुसला आणि गाडीत जाऊन बसली. फाटक सुनंदानं लावलं. गाडी वळणावर जाईपर्यंत बाईची पाठ दिसत होती, ताठ, पुढं बघणारी.

मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि पहिल्या एसटीनं वणीला गेलो. भांड्याच्या दुकानात जाऊन म्हटलं, सगळ्यात मोठा गंज दाखव.

"लगन हाये का बुवा?" दुकानदारानं विचारलं.

"शिबीर हाये. चूलबंद."

तीन गंज वाजवून पाहिले, एक ठरवला. त्यानं नाव कोरायचं यंत्र काढलं. "नाव काय टाकू? तुमचंच नं?"

"नाही," मी म्हटलं. "सुनंदाताई टेकाम, असं टाक. ताई नीट काढ."